खबर

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिलो तेव्हा लक्षात आलं,
चष्मा लॅबमध्येच राहिलाय.
रजिस्टर मात्र आणलं होतं, खाकी पुठ्ठ्याचं.
पान एकशे अठरा, अकरा फेब्रुवारी,
विश्वजीत फणसे, वय एकोणतीस, राहणार वाडी,
व्हीडीआरएल रिअ‍ॅक्टिव्ह, एकास बत्तीस.
रिपोर्ट हातोहात मिळाला.
खाली त्याची सही, खाली दोन टिंबं.
हे सगळं मला चष्म्याशिवायही वाचता आलं.

नाव? शशिकांत मोरेश्वर कर्णिक.
धंदा? दांडिया बाजारात रक्त तपासतो, चौतीस वर्षं.

सवाल गुजरातीत, जबाबही गुजरातीत.
चार पिढ्या बडोद्याच्या पाण्यावर वाढलेलं घर,
बँकेत, बाजारात, भांडणात तीच येते तोंडात.
मराठी उरलीय देवघरापुरती
आणि पैसे मोजण्यापुरती.

सरकारी वकील म्हणाले, आरोपीने खबर हती?

मी अडखळलो.
यांच्यात खबर माणसाला असते,
खिशात घालून हिंडता येतं तिच्यासकट.
आमच्यात खबर म्हणजे द्यायची वस्तू,
दिली नाही तर खबर कसली.
हा, हती, म्हणालो. सही आहे ना.
टायपिस्टनं तेवढंच टिपलं.

बचावाचे वकील तरुण, भांग सरळ पाडलेला.
रोग जीवघेणा आहे का, कर्णिकभाई?
वेळेवर पेनिसिलिन घेतलं तर नाही.
किती इंजेक्शनं?
एक. कधी तीन.
किंमत?
सांगितली. मागे कोणीतरी हसलं.
पहिल्या बाकावरच्या ऊर्जितानं वळून पाहिलं नाही.
तिच्या मांडीवर फाईल होती,
तीत सातव्या महिन्याची सोनोग्राफी
आणि त्यानंतरचं काहीच नाही.

त्याला ठाऊक होतं का,
ठाऊक असून तो तिच्याजवळ गेला का,
कलमात एवढंच बसतं.
मला कोणी विचारलं नाही
की मे महिन्यात त्या लग्नात मी जेवलो होतो,
कीर्तिमंदिराजवळच्या हॉलमध्ये, पहिल्या पंगतीला.
फणशांच्या थोरल्यांनी आग्रहानं बासुंदी वाढली.
गुण जुळले म्हणाले, छत्तीसपैकी एकोणतीस.
एकास बत्तीस, मी मनात मोजलं, मराठीत,
आणि वाटी पुढे केली.
नवरी वाकली पाया पडायला.
अखंड सौभाग्यवती, म्हणालो.
तेवढं एकच वाक्य तयार होतं माझ्याकडे.

गोपनीयता म्हणतात. नियम आहे, चांगला आहे,
तो नसता तर बाही वर करायला कोण आलं असतं?
काल रात्री बायकोला हे दोनदा समजावलं.
ती मटार सोलत राहिली.
मग म्हणाली, निदान त्याला तरी सांगायचंत.
सांगितलं होतं.
काय?
औषध घे म्हणून.
आणि?

मटाराचा एक दाणा फ्रीजखाली गेला.
मी तो शोधत बसलो बराच वेळ.

पुढची तारीख बावीस.
आज संध्याकाळी एक पोरगा आला रिपोर्ट न्यायला,
हेल्मेट काखेत, डोळे फरशीवर.
पेन दिलं, त्यानं सही केली.
कागद माझ्या हातून सुटेना,
एक टोक त्याच्याकडे, एक माझ्याकडे.
घरी कोण असतं रे? विचारलं मी, चुकून मराठीत.
शुं? तो म्हणाला.
जे होय एने, मी म्हणालो, खबर आपजे.

बोलून गेल्यावर ऐकू आलं मला.
म्हणजे यांच्यातही
देतातच की.